बिनलोखंडाची खोली

राजरानीचा नवरा बनारसी गेला तेव्हा तिची तोषी अजून रांगतही नव्हती. पासष्टची लढाई नुकतीच संपली होती. अंबाला छावणीत घरोघरी काचांवर चिकटवलेले काळे कागद अजून तसेच होते, आणि बनारसी कावीळ होऊन आठवड्याच्या आत आटोपला. तो दुग्गलांच्या कारखान्यात लेथवर पितळेचे स्क्रू काढायचा. मी त्याच कारखान्यात पॅकिंगला होते आणि राहायला त्यांच्याच गल्लीत, त्यामुळे यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. उरलेलं राजरानीने मला सांगितलं, पण ते फार उशिरा.

तेराव्याची पंगत उठली आणि सासूने विषय काढला. घरात धाकटा दीर होता, मदन. त्याने राजरानीवर चादर टाकून तिला बायको करून घ्यायची, म्हणजे सून घरातच राहील आणि पोरीला बापाचं घर राहील. आमच्या लोकांत हे नवीन नव्हतं. माझ्या सख्ख्या मावशीचं असंच झालं होतं आणि तिला पुढे चार पोरं झाली. पण मदनला तेव्हा मिसरूडही धड फुटलं नव्हतं. राजरानी लग्न होऊन आली तेव्हा त्याच्या डोक्यातल्या उवा तिने काढल्या होत्या.

सगळ्या बायका बसलेल्या असताना ती सासूला म्हणाली, "आई, ज्याचं नाक मी पदराने पुसलंय त्याच्यासमोर घुंघट कसा ओढू? मला कामाला जाऊ द्या."

सासूने त्याच दिवशी चूल वेगळी केली. अंगणाच्या कोपऱ्यातली एक खोली तेवढी राजरानीला दिली. मदन मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात कोळशाचं अर्धं पोतं ठेवून गेला आणि कुणाशी काही बोलला नाही. सुटल्यासारखं त्यालाही वाटलं असणार.

कारखान्याचे मालक दुग्गल बाऊजी. शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना लागणारी विजेची सगळी उपकरणं आमच्याकडे बनायची. राजरानी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली तेव्हा त्यांनी तिला शिक्षण विचारलं नाही, जात विचारली नाही. विचारलं ते असं, "बेटी, अंगावर लोखंडाचं काय काय आहे?"

तिला वाटलं, हा म्हातारा भलतंच काहीतरी विचारतो आहे. बाऊजींनी पुन्हा समजावून विचारलं. केसांत पिना? ब्लाउजला आकडे? कमरेला किल्ल्या?

"पिना काढून टाकल्या," ती म्हणाली. "केस सुताच्या नाडीने बांधते. आणि किल्ली लावावी असं घरात काही राहिलेलं नाही."

बाऊजी उठले आणि तिला मागच्या अंगणात घेऊन गेले.

तिथं एक खोली इतर इमारतीपासून सुटी बांधलेली होती. दाराला पितळी बिजागऱ्या, पितळी कडी. टेबल लाकडी खुंट्यांनी जोडलेलं, खिळा एकही नाही. छताला लोखंडी गर्डर नव्हता, साल लाकडाचे वासे होते. त्या खोलीत टँजंट गॅल्व्हानोमीटर तपासला जायचा. तो म्हणजे तांब्याच्या तारेचं एक उभं वर्तुळ आणि त्याच्या मध्यावर होकायंत्राची सुई. वर्तुळ उत्तर-दक्षिण लावायचं आणि तारेतून वीज सोडायची, की सुई वळते. किती वळली त्यावरून वीज किती ते कळतं. पण सुई ती होकायंत्राचीच, तिला कुठलंही लोखंड ओढतं. खिशातली चावी, चपलेचा खिळा, कुणा सरदारजीच्या दाढीतली पिन, काहीही. आधी त्या खोलीत काम करणारे दोघेजण यापायीच बदलले होते. एकाने सहा महिने खिशात पानाचा अडकित्ता ठेवून मापं घेतली आणि सगळा माल परत आला.

राजरानी त्या खोलीत गेली ती जवळजवळ सगळं आयुष्य तिथंच राहिली.

आता वीज सोडायची तर बॅटऱ्या हव्यात, वीज कमी-जास्त करायला सरकती तार हवी, आणि खरी वीज किती ते सांगायला एक खात्रीचा अ‍ॅमीटर हवा. पण अ‍ॅमीटरच्या पोटात जबर लोहचुंबक असतो. तो आत ठेवला तर सुई त्याच्याकडेच तोंड करून बसेल. म्हणून हे सगळं शेजारच्या खोलीत होतं, आणि मधल्या भिंतीत वीतभर खिडकी. बॅटऱ्यांच्या तेजाबाची वाफ इकडे येऊ नये म्हणून खिडकीला जाड कापडाचा पडदा. पडद्यापलीकडे उजागर सिंग बसायचा.

उजागर सिंग फौजेत सिग्नलमध्ये होता. बासष्टला बर्फात पायाची बोटं गेली म्हणून त्याला घरी पाठवलं होतं. थोडा लंगडायचा. आवाज मात्र खालचा, जाड, विहिरीतून आल्यासारखा. राजपुऱ्याजवळच्या गावात भाऊ शेती करत होता, हा इथं भाड्याच्या खोलीत एकटा राहायचा. अमृत छकलेला, म्हणजे दीक्षा घेतलेला शीख, मनगटातलं लोखंडी कडं त्याने लहानपणापासून उतरवलेलं नव्हतं. बाऊजींनी त्याला ते कधी उतरवायला सांगितलं नाही आणि तो कधी राजरानीच्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत आला नाही.

काम असं चालायचं. तो पलीकडून सांगायचा, "अर्धा अँपिअर." ती सुई थांबायची वाट बघायची. सुईखाली आरसा असतो. सुईने आरशातलं आपलंच प्रतिबिंब पूर्ण झाकलं की डोळा बरोबर वर आहे असं समजायचं आणि मगच अंश वाचायचे. एक टोक, मग दुसरं टोक. ती आकडा सांगायची, तो लिहायचा. मग तो वीज उलटी फिरवायचा, सुई दुसऱ्या अंगाला जायची, पुन्हा तेच. दिवसभर त्या दोन खोल्यांत आकड्यांशिवाय काही ऐकू यायचं नाही. दुपारी जेवायला आमच्यात येऊन बसली की पहिले दोन शब्द तिच्या तोंडून खरखरीत निघायचे, जणू आकड्यांखेरीज काही बोलायचं ती विसरली होती. बायका तिला चिडवायच्या, "राणी, आज किती अंश भूक लागलीय?" ती हसायची, डबा संपवायची आणि सगळ्यांच्या आधी उठून जायची.

गल्लीतही तिचं येणं-जाणं नव्हतं. करवाचौथला आम्ही सगळ्या जमायचो तेव्हा तिच्या खोलीचं दार लोटलेलं असायचं.

मागच्या गल्लीतून फौजी ट्रक जायचे. ट्रक जवळ आला की सुई जागेवरून हलायची आणि तो दूर जाईपर्यंत काम थांबवावं लागायचं. तेवढा वेळ भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दोघं नुसती बसून. बोलणं सुरू झालं ते तिथून. पहिल्यांदा त्याने विचारलं, तुमच्या मुलीला दात आले का. कारण मागच्या अंगणात ती मला सांगत होती ते त्याने ऐकलं होतं. ती म्हणाली, एक आलाय, खालचा. तेवढ्यात ट्रक गेला आणि दोघं कामाला लागली. दुसरं बोलणं त्यानंतर आठवड्याने झालं.

हळूहळू तो तिला इतर उपकरणांचंही सांगू लागला, कारण टँजंटचं काम नसलं की बाऊजी तिच्याकडे साधे मीटर पाठवायचे. त्याची सांगायची तऱ्हा न्यारी होती. "अ‍ॅमीटर म्हणजे घरातली सून. जे काय यायचं-जायचं ते सगळं तिच्यातून गेलं पाहिजे, म्हणून तो तारेच्या मध्ये जोडायचा. व्होल्टमीटर म्हणजे शेजारीण. ती मध्ये येत नाही, बाजूला उभी राहते, आणि या टोकात नि त्या टोकात फरक किती ते सांगते. शेजारणीला सुनेच्या जागी बसवलं तर घर बंद पडतं. सुनेला शेजारणीच्या जागी बसवलं तर ती जळते."

"आणि साधा गॅल्व्हानोमीटर?"

"त्याला किती ते विचारायचं नाही. आहे की नाही एवढंच विचारायचं. इतकं बारीक दुसऱ्या कुणाला कळत नाही."

मूव्हिंग आयर्नच्या मीटरला तो सरकारी बाबू म्हणायचा. दोन्ही तऱ्हेच्या विजेवर चालतो, पण सुरुवातीच्या आकड्यांना हलतच नाही आणि पुढचे भराभर ओलांडतो, म्हणून त्याच्या पट्टीवरच्या रेघा आधी दाटीवाटीने आणि मग विरळ. मूव्हिंग कॉइलच्या रेघा सारख्या अंतरावर, पण त्याला एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. मेगर हे त्याचं आवडतं. फौजेत तेच काम केलं होतं. दांडा फिरवला की मेगरमधून मोठ्या दाबाची वीज निघते आणि तारेचं वेष्टण कुठं कच्चं झालं आहे का ते सुई सांगते. वीज सोडण्याआधी माणूस मरणार आहे की नाही हे सांगणारं तेवढं एकच यंत्र, असं तो म्हणायचा. मला ही सगळी उपकरणं खोक्यात भरताना फक्त वजनावरून ओळखू यायची. राजरानीला ती त्याच्या बोलण्यावरून ओळखू यायची.

एकाहत्तरच्या थंडीत पुन्हा लढाई लागली. ट्रकांच्या रांगाच्या रांगा सीमेकडे जायला लागल्या. सुई दिवसदिवस ठिकाणावर येईना. बाऊजींनी सांगितलं, खोली सोडू नका, सुई शांत झाली की दोन-चार मापं उरकून घ्या. त्या दिवसांत ती दोघं जितकं बोलली तितकं राजरानी बनारसीशीही बोलली नसेल. त्याच्या आईची गोष्ट, बर्फातल्या त्या ठाण्याची गोष्ट, तोषी शाळेत रडते त्याची गोष्ट. तो गावाहून पिन्नीचे लाडू आणायचा आणि पडद्याखालून सारायचा. ती आलू-वडीच्या भाजीची वाटी सारायची. तिला फक्त त्याचे हात दिसायचे. संध्याकाळी फाटकाशी भेट झाली तर दोघं नमस्कार करून आपापल्या वाटेने जायची, अगदी अनोळखी असल्यासारखी. कुजबूज झालीच. पण कुजबुजायला तरी काही घडावं लागतं, आणि घडत काहीच नव्हतं.

मग लढाई संपली. ट्रक कमी झाले आणि बोलायचं निमित्तही गेलं. तेव्हा एकदा, भर दुपारी, वीज लावून झाल्यावर उजागर सिंग पलीकडून म्हणाला, "बीबी, एक विचारायचं होतं."

"विचारा."

"मी एका खोलीत एकटा जेवतो. तुम्ही एका खोलीत पोरीला घेऊन जेवता. एका चुलीवर नाही का भागायचं?"

सुई थांबली होती. "बेचाळीस," ती म्हणाली.

"दुसरं टोक?"

"बेचाळीसच."

त्याने वीज उलटी फिरवली. सुई दुसऱ्या बाजूला गेली, हेलकावत राहिली. ती थांबेपर्यंत राजरानी आरशाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्रेचाळीस. आणि सरदारजी, आधी तोषीचं लग्न होऊ दे. मी आत्ता असं काही केलं तर उद्या त्या पोरीला कुणी करून घेणार नाही."

"किती वर्षांची आहे तोषी?"

"सातवं लागलंय."

पडद्यापलीकडे तो हळूच हसला. "मग घाई नाही म्हणायची," तो म्हणाला, आणि आकडा लिहून घेतला.

त्यानंतर त्याने तो विषय कधी काढला नाही. तिनेही नाही. पण ठरलं ते ठरलं होतं. वर्षं जात राहिली. तोषी शाळेतून बाहेर पडली, मास्तरणीच्या कोर्सला लागली. राजरानीच्या केसांत पांढरं आलं, त्याची दाढी तर पुरती पिकली. मला काहीच माहीत नव्हतं, पण त्या काळात ती एकदा बाजारात माझ्याबरोबर होती आणि दोन माणसांच्या मापाचं पितळी पातेलं बराच वेळ हातात घेऊन बघत होती, ते मला आठवतं. घेतलं नाही. दुकानदाराला म्हणाली, अजून वेळ आहे.

तोषीला यमुनानगरचं स्थळ सांगून आलं त्याच पावसाळ्यात उजागर सिंग चार-पाच दिवस कामावर आला नाही. आला तो सकाळी लवकर. राजरानीने खोली उघडली तर पडद्यापलीकडे तो आधीच बसलेला होता. बॅटऱ्या जोडलेल्या नव्हत्या.

"नाजर गेला," तो म्हणाला. नाजर म्हणजे त्याचा धाकटा भाऊ.

शेतातल्या कूपनलिकेची मोटर. वायर जुनी, त्यात पावसाने चिखल झालेला. मोटरीच्या अंगातच वीज उतरली होती. नाजरने बंद पडली म्हणून हात लावला आणि तिथंच चिकटून राहिला.

"मेगर लावून दांडा चार वेळा फिरवला असता तरी सुईने सांगितलं असतं," उजागर सिंग म्हणाला. "दर बैसाखीला मी गावी जातो. त्या मोटरीशेजारी खाट टाकून लस्सी पितो. एकदाही मेगर नेला नाही."

"ते तुमच्या हातात नव्हतं."

"माझ्याच हातात होतं, बीबी. दुसऱ्या कुणाच्या हातात असणार?"

मग त्याने पुढचं सांगितलं. नाजरचं लग्न उशिरा झालं होतं. मागे बायको आणि लहान पोरं, जमीन, म्हशी. पंच बसले होते. जेठाने, म्हणजे थोरल्या दिराने, चादर टाकायची रीत नाही, पण घरात दुसरा पुरुषच उरला नव्हता. त्यांनी उजागर सिंगाला सांगितलं, तूच आता.

"तुम्ही सांगा," तो म्हणाला. "तुम्ही नाही म्हणा, मी त्यांना नाही म्हणतो. मला कुणाची भीती नाही."

मागच्या गल्लीत त्या दिवशी एकही गाडी नव्हती. राजरानी नंतर मला म्हणाली, इतकी शांतता तिने त्या खोलीत कधी ऐकली नव्हती.

"धाकटं केवढं आहे?" तिने विचारलं.

"अंगावर पितं अजून."

"ती काय म्हणते?"

"तिला कुणी विचारलंय?"

"मग तुम्ही विचारा," राजरानी म्हणाली. "माझ्या वेळी मला विचारायला कुणी आलं नव्हतं. सगळ्यांचं ठरूनच गेलं होतं. तुम्ही तिच्यासमोर बसा आणि विचारा. ती नको म्हणाली तर परत या, मी इथंच आहे. हो म्हणाली तर..." तिने पडद्याची कड सरळ केली. मग म्हणाली, "तर पोरांना सांभाळा."

तो गेला. आठवड्याने परत आला तो हिशेब चुकता करायला. बाऊजींनी त्याला थांबायचा आग्रह केला, पण शेती कुणी बघायची. निघताना तो लंगडत मागच्या अंगणात आला आणि तिच्या खोलीच्या दाराबाहेर उभा राहिला. ती बाहेर आली. आम्ही सगळे बघत होतो. त्याने हात जोडले, तिने जोडले. तो काहीतरी बोलेल असं मला वाटलं, पण त्याने फक्त मान हलवली आणि फाटकाकडे वळला. ती आत गेली आणि दार लावून घेतलं. जेवायच्या सुट्टीत ती आली नाही. मी डबा घेऊन गेले तर म्हणाली, कांता, पोट ठीक नाही.

पुढच्या थंडीत तोषीचं लग्न झालं. राजपुऱ्याकडून कुणीतरी तुपाचा डबा आणून दिला, सोबत निरोप काही नव्हता. मुलीची पाठवणी झाली, मांडव निघाला, आणि ज्या दिवसाची ती इतकी वर्षं वाट बघत होती तो दिवस येऊन उभा राहिला तेव्हा तिच्या घरात एक मावळतीचं ऊन आणि एक खाट एवढंच होतं.

पडद्यापलीकडे तरसेम नावाचा माणूस आला. माणूस चांगला होता. शेंगा खायचा, आकडे स्पष्ट सांगायचा. राजरानी त्याला उत्तरं द्यायची. ट्रक आला की तो उठून बाहेर बिडी ओढायला जायचा आणि ती एकटी बसून राहायची. पुढे आकडा आपोआप दाखवणारे मीटर आले. त्यांना सुईच नाही, आरसा नाही. टँजंट गॅल्व्हानोमीटरची मागणी फक्त शाळांकडून, तीही उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर. उरलेला काळ ती रिकाम्या खोलीत पितळ पुसत बसायची. तोषीने यमुनानगरला बोलावून घेतलं. गेलीही. पंधरवड्यात परत आली. जावई भला होता, नातू गोड होता, पण दिवसभर घरात कुणीतरी बोलत असतं, असं तिने मला सांगितलं. तिला आता ते सोसत नव्हतं.

पंजाबातला दहशतवाद निवून बरीच वर्षं झाल्यावरची गोष्ट. राजपुऱ्याच्या एका शाळेचे मास्तर माल न्यायला आले होते. खोके बांधताना सहज बोलून गेले की तुमच्याकडे पूर्वी होते ते लंगडे सरदारजी बैसाखीनंतर गेले. झोपेतच गेले, काही त्रास नाही. मी राजरानीला ते कसं सांगितलं ते मला आठवत नाही. तिने ऐकून घेतलं आणि हातातलं काम पुरं केलं. दोन दिवसांनी म्हणाली, "कांता, रविवारी माझ्याबरोबर येशील?"

आम्ही बसने गेलो. गाव रस्त्यापासून आत होतं. घर मोठं, पक्कं, अंगणात ट्रॅक्टर. जसमेल कौर म्हणजे त्याची बायको, अंगाने थोराड, मोकळ्या मनाची. आम्ही कारखान्यातल्या म्हटल्यावर तिने खाटा टाकल्या, लस्सी दिली, जेवल्याशिवाय सोडणार नाही म्हणाली. पोरं मोठी झाली होती. थोरला जमीन बघत होता, मधलीचं लग्न झालेलं, धाकटा कॉलेजात. तिच्या बोलण्यात कुठं कमी असल्याचा सूर नव्हता.

"माणूस देवासारखा होता," ती म्हणाली. "तुम्हाला सांगते, माझा पहिला गेला तेव्हा पंचांनी सगळं ठरवून टाकलं होतं. मी मनात म्हटलं, विहीर जवळ करीन पण हे नको. तिन्ही पोरं घेऊन माहेरी जायचा बेत केला होता. आणि हा जेठ असून माझ्यासमोर जमिनीवर येऊन बसला. म्हणाला, तुझी मर्जी काय ते सांग, तू नको म्हणालीस तर मी परत जातो. आयुष्यात मला कुणी मर्जी विचारली नव्हती. ज्याने विचारलं त्याला नको कसं म्हणायचं? मी हो म्हटलं."

राजरानीच्या हातात लस्सीचा पेला होता. तिने तो खाटेच्या पायाशी ठेवला.

"एकच होतं," जसमेल पुढे म्हणाली. "बोलायचा नाही. एका छपराखाली इतकी वर्षं काढली, पण हो, नाही, पाणी दे, याच्यापुढे गाडी जायची नाही. मी म्हणायचे, फौजेतली माणसं अशीच असतील. कारखान्यातही असाच होता का हो?"

मी राजरानीकडे बघितलं. ती जसमेलच्या चेहऱ्याकडे बघत होती, अगदी निरखून.

"हो," ती म्हणाली. "तिथंही कमीच बोलायचे."

"मग माझंच काही चुकलं असं नव्हे," जसमेल म्हणाली आणि तिच्या चेहऱ्यावरचा कसलातरी जुना ताण सैल झाला. तिने आम्हाला शेत दाखवलं, निघताना गुळाची ढेप बांधून दिली. राजरानीने तिच्या धाकट्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, मोटरीची वायर नीट आहे ना. तो म्हणाला, बापूजी दर पेरणीआधी स्वतः तपासायचे, आता मी तपासतो.

परतीच्या बसमध्ये तिने मला सगळं सांगितलं. पडद्याचं, पिन्नीचं, तोषीच्या लग्नाचं, त्या सकाळचं. आवाज चढवला नाही, रडली नाही. रस्त्याकडे बघत सांगत राहिली. मी म्हटलं, अगं, मग त्या बाईला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "काय सांगू तिला? तिच्या वाट्याचं बोलणं मी खाऊन बसले होते, हे सांगू?"

छावणीला उतरलो तेव्हा दिवे लागले होते. ती स्टँडवरच थांबली. म्हणाली, "कांता, मला फार भूक लागलीय." आम्ही कोपऱ्यावरच्या ढाब्यात बसलो. तिने राजमा-चावल मागवला, संपवला, पुन्हा मागवला. हाताने भात कालवून, मान खाली घालून ती जेवत होती, आणि मी तिच्याजवळ बसून होते. मला भूक नव्हती. बाहेर गाड्यांची ये-जा चालू होती. ढाबेवाल्याने विचारलं, बीबीजी, अजून काही? तिने मान हलवली, पाणी प्यायली.

ती त्यानंतरही बरीच वर्षं जगली. दुग्गलांच्या मुलांनी मागचं अंगण विकलं, खोली पडली. तिने त्याचं काही मनाला लावून घेतलं नाही. तोषी दर रविवारी फोन करायची आणि ये म्हणायची, ही दर रविवारी बघते म्हणायची. शेवटी गेली ती आपल्याच खोलीत, दुपारची, जेवून भांडी घासून पालथी घातल्यावर. दार आतून लावलेलं होतं. दिराने, मदनने, ते खांद्याने उघडलं.